विजेचा दर ठरवतो कोण?

विजेचे दर वाढल्याचं आपल्यापैकी बहुतेकांना कळतं ते बिल हातात पडल्यावर. आदल्या महिन्याइतकेच दिवे, तेवढाच पंखा, तेवढाच फ्रीज, आणि आकडा मात्र दोनशे-तीनशे रुपयांनी जास्त. मग घरात थोडी चर्चा होते, मुलांना 'दिवे बंद करत जा' म्हणून दटावलं जातं, शेजाऱ्यांकडे 'तुमचं किती आलं?' अशी चौकशी होते आणि शेवटच्या तारखेच्या आत बिल भरून टाकलं जातं. भाजी महाग झाली तर आपण दुसऱ्या गाड्यावर जातो. वीज महाग झाली तर जायला दुसरं दुकान बहुतेकांच्या दारात नाही.

म्हणूनच मला नेहमी वाटतं, की 'दर किती वाढला' याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दर ठरवतो कोण, आणि ठरवताना तो कुणाला विचारतो? या प्रश्नाला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात घरगुती ग्राहक फार उशिरा येतो. आला तोही आपण होऊन नव्हे, एका मोठ्या धक्क्यानंतर.

सुरुवात मुंबईपासून करू. १९०५ साली लंडनमध्ये नोंदवलेली एक कंपनी मुंबईत वीज विकू लागली. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आपल्या आजच्या 'बेस्ट'ची पूर्वज. वाडीबंदरला तिचं छोटं वीजघर होतं. १९०७ साली विजेवर चालणारी ट्राम आली. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटावर अडवलेल्या पाण्याची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. त्या काळात वीज म्हणजे गिरणीची, ट्रामची आणि श्रीमंतांच्या बंगल्यातली गोष्ट. बाकी घरांत रॉकेलचा कंदील नाहीतर चिमणी.

१९१० साली ब्रिटिश सरकारने वीज कायदा केला. त्यात वीज विकणाऱ्या कंपनीला सरकारी परवाना लागे आणि जास्तीत जास्त किती दर घ्यायचा याची मर्यादा त्या परवान्यातूनच घातली जाई. म्हणजे दराला लगाम होता, पण तो सरकार आणि कंपनी या दोघांमधला मामला. दिवा ज्याच्या घरात लागतो, त्याचं या व्यवहारात नावही नव्हतं.

स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, मुंबई महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, वीजपुरवठ्याचा नवा कायदा झाला आणि राज्याराज्यांत वीज मंडळं स्थापन होण्याचा मार्ग मोकळा झाला. या कायद्यात खाजगी कंपन्यांच्या नफ्याला मर्यादा घातली होती. दर वाढवायचा तर साठ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागे. पण ती कुणाला? तर सरकारला आणि वीज मंडळाला. ग्राहकाला नव्हे. वीज मंडळांना तर स्वतःचे दर स्वतःच ठरवण्याचा अधिकार होता.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी अस्तित्वात आलं. या मंडळाने केलेलं काम लहान नाही. गावोगाव खांब उभे राहिले, तारा गेल्या, विहिरींवर पंप बसले. ज्या घरात पहिल्यांदा बल्ब लागला, त्या घरातल्या माणसांना दराची चिंता करायला सवड नव्हती. उजेड आला हेच पुष्कळ होतं.

पण याच काळात एक गोष्ट घडली, जिची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीप्रमाणे ठोक आकारणी सुरू झाली. पंप किती अश्वशक्तीचा आहे ते बघायचं आणि ठरलेली रक्कम घ्यायची. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचं होतं, मंडळाचाही मीटर वाचण्याचा त्रास वाचला. मात्र एकदा मीटर गेला, की किती वीज वापरली हे नक्की सांगणारं कुणी उरत नाही. मग मंडळाने अंदाज बांधायचा. आणि अंदाजाचं पोतं असं असतं, की त्यात काहीही भरता येतं. तारांमधली गळती, चोरी, फुकट जोडण्या, सगळं 'शेतीचा वापर' या एका नावाखाली जमा होऊ शकतं. हिशेबात गळती कमी दिसते, शेतकरी जास्त वीज खातो असं दिसतं आणि तूट मात्र बाकीच्यांच्या दरातून भरून निघते.

घरच्या माणसाला या सगळ्यात बोलायला जागा कुठली होती? रस्त्यावर. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी बायकांनी महागाईविरोधात संयुक्त समिती उभारली. हातात लाटणं आणि थाळी घेऊन निघालेले ते मोर्चे ज्यांनी पाहिले, ते त्यांचा आवाज विसरलेले नाहीत. धान्य, तेल, साखर यांच्याबरोबर स्टोव्हला लागणारं रॉकेल हाही त्या बायकांचा प्रश्न होता. घरातल्या इंधनाची किंमत हा स्वयंपाकघराचा नव्हे, राज्यकारभाराचा विषय आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. सरकारला त्यांची दखल घ्यावी लागली. पण मोर्चाची एक मर्यादा असते. मोर्चा 'हे आम्हाला परवडत नाही' असं सांगू शकतो. 'तुमचा हिशेब इथे चुकला आहे' हे सांगायला हिशेबाचे कागद हातात असावे लागतात. ते कागद कुणाकडे नव्हते.

कागदांची किंमत महाराष्ट्राला कळली ती दाभोळ प्रकल्पामुळे, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या 'एन्रॉन'मुळे.

जून १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीशी प्राथमिक करार झाला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात, दोन हजार मेगावॉटचा प्रचंड वीज प्रकल्प उभा राहायचा होता. त्यासाठी स्पर्धात्मक निविदा मागवल्या नव्हत्या. १९९३ साली जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला, आर्थिकदृष्ट्या तो परवडणारा नाही असं म्हणून. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. १९९५ साली राज्यात सरकार बदललं, नव्या सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि काही महिन्यांतच प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला.

आता या करारात असं काय होतं, ते सोप्या भाषेत सांगतो. समजा आपण लग्नासाठी मंगल कार्यालय घेतलं. भाडं ठरलेलं आहे. जेवायला शंभर माणसं येवोत की पाचशे, भाडं तेवढंच. पाचशे आली तर माणशी खर्च कमी पडतो, शंभरच आली तर तोच खर्च पाचपट होतो. दाभोळचं तसंच होतं. वीज घ्या की न घ्या, प्रकल्पाच्या क्षमतेचा ठरावीक आकार मंडळाने भरायचाच होता. त्यातून हिशेब डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर साधारण ३१ रुपयांचा होता, २००१ साली तो ४६ रुपयांच्या पुढे गेला. इंधन म्हणून नाफ्था वापरायचा आणि त्याचे भाव तर आंतरराष्ट्रीय बाजारातल्या तेलाबरोबर चढणारे. रुपया उतरला, तेल चढलं, आणि वीज महाग म्हणून मंडळ ती कमी घेऊ लागलं. कमी घेतली म्हणून माणशी भाडं वाढावं तसा दर युनिटचा खर्च आणखी वाढला. २००० सालातल्या काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्याही वर गेली. युनिट म्हणजे शंभर वॉटचा एक बल्ब दहा तास लागला की जळते तेवढी वीज. त्या काळात सामान्य घरगुती ग्राहक एवढा दर स्वप्नातही भरत नव्हता. मग मधली तफावत कुणाच्या खिशातून जाणार होती, हे सांगायला नको.

मंडळाचे पैसे थकले. एन्रॉनने केंद्र सरकारच्या हमीकडे बोट दाखवलं. राज्य सरकारने माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २००१ साली त्या समितीने राज्यकारभारातल्या अपयशाचं परखड चित्र मांडलं. मे २००१ अखेर प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. पुढे २००५ साली सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने हा प्रकल्प नव्या नावाने उभा करावा लागला. मधल्या काळात महाराष्ट्राने भारनियमन सोसलं. गावाकडे रोजचे कित्येक तास अंधारात गेले.

हा करार सुरुवातीला लोकांसमोर नव्हताच. व्यापारी गोपनीयता म्हणून तो झाकलेला होता. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी, कामगार संघटनांनी, पत्रकारांनी आणि कोकणातल्या आंदोलकांनी त्यातले आकडे चिकाटीने बाहेर काढले, आकडेमोड केली आणि 'अमुक झालं तर दर कुठे जाईल' हे आधीच सांगून ठेवलं. ऐकणारं अधिकृत व्यासपीठ मात्र तेव्हा नव्हतं.

ते व्यासपीठ नेमकं याच सुमारास मिळालं. १९९८ साली केंद्राने वीज नियामक आयोगांचा कायदा केला आणि १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. दर ठरवण्याचा अधिकार मंडळाकडून आणि मंत्रालयाकडून निघून आयोगाकडे आला. आयोगापुढे मंडळाला अर्ज करावा लागे, खर्चाचा हिशेब द्यावा लागे आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल होत नसे. पहिला दर आदेश मे २००० मध्ये आला. मागितली तेवढी वाढ मंडळाला मिळाली नाही. पण त्याहून महत्त्वाचं घडलं ते हिशेबात. जी गळती मंडळ वर्षानुवर्षं वीस टक्क्यांच्या आत दाखवत होतं, ती प्रत्यक्षात तीस टक्क्यांहून अधिक असल्याचं या प्रक्रियेत उघड झालं. अंदाजाचं ते पोतं पहिल्यांदाच सगळ्यांसमोर उलटं केलं गेलं. शेतकऱ्याच्या नावावर खपवलेली वीज प्रत्यक्षात त्याने वापरलीच नव्हती. शिवाय आयोगाने मंडळाला बजावलं, की आधी स्वस्त वीज घ्या, मग महाग.

आयोगाच्या जाहीर सुनावण्यांना मी पुढे काही वेळा श्रोता म्हणून जाऊन बसलो आहे. वातावरण साधं असतं. समोर आयोगाचे सदस्य, एका बाजूला वीज कंपनीचे अधिकारी जाडजूड कागद घेऊन, दुसऱ्या बाजूला बोलायला आलेली माणसं. यंत्रमागवाले असतात, कारखानदारांचे वकील असतात, शेतकरी संघटनांचे कार्यकर्ते असतात, ग्राहक पंचायतीची अभ्यासू मंडळी असतात. आपल्यासारखे घरगुती ग्राहक मात्र बोटांवर मोजण्याइतके. ज्यांची संख्या सर्वांत जास्त, त्यांच्या खुर्च्या सर्वांत रिकाम्या. एखादा निवृत्त माणूस चार ओळी लिहून आणतो, अडखळत वाचतो, आणि त्याच्या साध्या प्रश्नावर अधिकाऱ्यांना फाइल उघडावी लागते. ते पाहताना मला वाटतं, लाटणं मोर्चातल्या बायकांना जे हवं होतं त्यातलं निम्मं तरी या खोलीत आहे.

२००३ च्या वीज कायद्याने ही पद्धत पक्की केली. दरवाढीच्या अर्जाचा गोषवारा वर्तमानपत्रांत छापावा लागतो. त्यावर कुणीही हरकत नोंदवू शकतो, वकील लागत नाही. अर्ज दाखल करून घेतल्यापासून १२० दिवसांत आयोगाने निर्णय द्यायचा असतो. एकदा ठरलेला दर, इंधनाचा अधिभार सोडला तर, आर्थिक वर्षात सहसा एकदाच बदलता येतो. २००५ मध्ये जुन्या मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि बिलावर महावितरणचं नाव आलं, पण हे हक्क कायम राहिले.

याच कायद्यात एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. बिल चुकीचं वाटतं, वाद आहे, पण वीज तोडतील या भीतीने माणूस गप्प बसून पैसे भरतो. कायदा सांगतो, की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायला हवी. आणि वाद मिटेपर्यंत मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती, 'निषेधासह' भरली तर वीज तोडता येत नाही. त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. हे दरवाजे कागदावरचे नाहीत. पण ते ठोठवावे लागतात.

याची गरज किती असते, ते २०२० साली दिसलं. मार्चअखेर टाळेबंदी लागली, मीटर वाचणारी माणसं घरोघर जाऊ शकली नाहीत. तेव्हा हिवाळ्यातल्या कमी वापराच्या सरासरीने बिलं गेली. जूनमध्ये मीटर वाचले गेले आणि तीन महिन्यांचा फरक एकदम आला. तोही उन्हाळ्याचा, सगळं कुटुंब दिवसभर घरात असतानाचा, आणि १ एप्रिलपासून लागू झालेल्या नव्या दरांनी. लोकांचे डोळे पांढरे झाले. त्यात टप्प्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे पहिल्या शंभर युनिटांना कमी दर आणि पुढच्यांना दुपटीच्या आसपास दर असतो. तीन महिन्यांची तीनशे युनिटं एकाच महिन्याची धरली, तर त्यातली दोनशे महागड्या टप्प्यात जातात. महिन्याला शंभर अशी वाटली, तर सगळी स्वस्त टप्प्यात बसतात. आपण टप्प्यांचा लाभ महिन्यांप्रमाणेच दिला आहे, असं कंपन्यांचं म्हणणं होतं. ते आपल्या बिलापुरतं खरं आहे का, हे तपासायला चौथीचं गणित पुरे होतं, पण बिलाची मागची बाजू वाचायची सवय हवी होती. अखेर तीन हप्त्यांत पैसे भरायची सवलत मिळाली, तीही गवगवा झाला म्हणूनच.

बिलावर एक ओळ असते: इंधन समायोजन आकार. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली, की तो फरक या ओळीतून आपल्याकडे येतो. मूळ दर सुनावणीनंतर ठरतो, ही ओळ मात्र सुनावणी न होता बदलते. २०२२ च्या डिसेंबरअखेर केंद्राने नियमांत दुरुस्ती करून असा वाढीव खर्च दरमहा आपोआप वसूल करण्याची वाट आणखी रुंद केली. त्यामागे कारण आहे. वसुली लांबली तर कंपन्यांची थकबाकी साचते आणि व्याजासह ती पुन्हा ग्राहकावरच बसते, हे नाकारता येत नाही. वर्षाअखेर हिशेबाची तपासणी होते, हेही खरं. तरीही 'आपोआप' हा शब्द ऐकला की मला दाभोळ आठवतं. तिथेही सगळं आपोआपच होतं. डॉलर चढला की आपोआप, नाफ्था चढला की आपोआप. आपोआप वाढणाऱ्या गोष्टीला 'का' असं विचारणारा माणूस कुणीतरी जागा ठेवावा लागतो.

वीज स्वस्त असावी असं म्हणणं सोपं आहे. कोळसा, तारा, माणसं, कर्ज, सगळ्याला पैसे लागतात आणि कधी दर वाढवावा लागतो. माझं म्हणणं एवढंच, की वाढलेला दर आणि लादलेला दर यांत फरक आहे. पहिल्याचा हिशेब मागता येतो. शंभर वर्षांत आपण परवान्यापासून मंत्रालयापर्यंत आणि मंत्रालयापासून सुनावणीच्या खोलीपर्यंत आलो, आणि त्या शेवटच्या टप्प्यासाठी महाराष्ट्राने भली मोठी किंमत मोजली आहे. ती खोली आपण रिकामी ठेवली, तर कायदा बदलण्याचीही कुणाला गरज पडणार नाही.

तेव्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेली दरवाढीची जाहीर सूचना दिसली, तर पान उलटू नका. हरकत पाठवायची शेवटची तारीख तिच्यात दिलेली असते. एका पोस्टकार्डावर मावेल एवढाच आपला प्रश्न असला तरी चालतो. उत्तर देणं त्यांना भाग आहे.